सीबीसी रिपोर्टमधले इओसिनोफिल आणि सीओपीडीचा पंप

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, म्हटलं की आपल्याकडे लगेच विडी-सिगारेट डोळ्यासमोर येते, पण वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या बायकांनाही हाच आजार होतो, आणि घरात सगळे त्याला दमाच म्हणतात. धूर कुठलाही असो, श्वासनलिकांना आतून सूज येते. आणि ही सूज सगळ्यांची एकसारखी नसते, आज मला मुख्य हेच सांगायचंय.

बऱ्याच पेशंटांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, त्या इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात आणि फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती त्याने हळूहळू खराब होतात, आणि ही सूज स्टेरॉइडला फारशी दाद देत नाही. काही जणांत मात्र इओसिनोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, त्यांना पंपातल्या (इनहेलरमधल्या) स्टेरॉइडचा खरंच फायदा होतो, दम एकदम वाढण्याचे अटॅक कमी येतात. मग कोणाची सूज कुठली हे ओळखायचं कसं? थेट पद्धत म्हणजे बेडक्यातल्या पेशी मोजणं, पण ते नीट करणाऱ्या लॅब फार थोड्या. फेनो म्हणून फुंकर मारून श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायची टेस्ट आहे, दम्यात ती कामाची, पण सिगारेट चालू असेल तर तो आकडा खाली येतो.

म्हणून साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची नेहमीची तपासणी. त्यात नुसते टक्के बघू नका हं, एका मायक्रोलिटर रक्तात इओसिनोफिल किती तो आकडा बघा. पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ४ टक्के म्हणजे ३२०, पण पेशी ५००० असतील तर तेच ४ टक्के म्हणजे २००, आणि निर्णय बदलू शकतो! वारंवार अटॅक येणाऱ्या पेशंटचा आकडा ३०० किंवा जास्त असेल तर गोल्ड या सीओपीडीवरच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या गाइडलाइन्स पंपात स्टेरॉइड द्यायच्या बाजूने आहेत, १०० च्या खाली असेल तर फायद्याची शक्यता कमी, आणि स्टेरॉइडने न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. पंपात स्टेरॉइड द्यायचं की नाही हे ठरवताना टीबीचाही विचार करावा लागतो, म्हणून पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आपल्याकडे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. २०२४ साली अमेरिकेत ड्युपिलुमॅब या सूज कमी करणाऱ्या इंजेक्शनला सीओपीडीसाठी मंजुरी मिळाली, तीही इओसिनोफिल जास्त असलेल्यांसाठीच.

आता आपल्याकडची अडचण अशी की पोटात जंत असले, अ‍ॅलर्जी असली तरी इओसिनोफिल वाढतात, आणि अटॅकमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्त दिलं तर आकडा एकदम खाली दिसतो. एकाच रिपोर्टवरून पंप चालू किंवा बंद करणं मला अजिबात पटत नाही, आणि स्वतःच्या मनाने तर करूच नका. जुने सीबीसीचे कागद फेकू नका, तब्येत बरी असतानाचे तर नक्कीच नाही, तारखेप्रमाणे फाइलला लावा, आणि तेव्हा कुठली औषधं चालू होती ते पेनाने बाजूला लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जा.