पहिल्या चित्राला दिलेला मान

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

माझे बालपण खानापूर तालुक्यातील एका शेतकरी घरात गेले आणि तेथे भात पायलीने मोजले जात असे. माप भरल्यावर त्याच्या तोंडावर जो निमुळता ढीग उभा राहतो त्याला शीग म्हणतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. आता असे समजा की एका वर्षी मापावरून काठी फिरवून, भात सपाट करून मोजले आणि पुढच्या वर्षी शीग ठेवून मोजले. रास तेवढीच असली तरी दुसऱ्या वर्षी पायल्या कमी भरतील आणि घरातले लोक पीक घटल्याची काळजी करत बसतील. पायली तीच आहे, मोजणारा प्रामाणिक आहे, भातही कोणी नेलेले नाही. दोन वर्षांना दिलेली वागणूक तेवढी वेगळी आहे. माणसाच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे काढून त्यांची तुलना करणाऱ्या संशोधनात नेमकी अशीच एक चूक शिरते, आणि तिच्याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

मी संख्याशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षे बेळगावात राहून मेंदूच्या एमआरआय चित्रांच्या मोजमापाचे काम करते. वय वाढते तसा मेंदू थोडा थोडा आकसतो, आणि अल्झायमरसारख्या विस्मृतीच्या आजारात तो अधिक वेगाने आकसतो. हा वेग मोजायचा तर एकाच माणसाचे चित्र आज, वर्षाने आणि पुन्हा दोन वर्षांनी काढावे लागते. अशा कामाला आपण पाठपुराव्याचा अभ्यास म्हणू. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेला आणि संक्षेपाने ‘अ‍ॅडनी’ म्हणून ओळखला जाणारा अल्झायमरविषयक प्रकल्प हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

यात मोजायची गोष्ट किती लहान असते, हे आधी पाहू. स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मेंदूच्या प्रत्येक बाजूला एक असतो आणि त्याचे आकारमान साधारण ३००० घन मिलिमीटर असते. निरोगी वृद्ध व्यक्तीत तो वर्षाला सुमारे १.४ टक्के कमी होतो, तर अल्झायमरच्या रुग्णात सुमारे ४.७ टक्के. म्हणजे निरोगी माणसात वर्षभरात होणारी घट सुमारे ४२ घन मिलिमीटर, आपल्या बेळगावी बासमतीच्या तीन-चार दाण्यांएवढी, आणि रुग्णात दहा-बारा दाण्यांएवढी. हा भाग चेंडूसारखा गोल आहे असे धरले, तरी त्याचे पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मिलिमीटर भरते. त्याची कड संगणकाने सगळीकडून फक्त ०.०५ मिलिमीटर आत ओढली, तर ५० घन मिलिमीटर नाहीसे होतात. नेहमीच्या चित्राचा एक कण, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, सुमारे एक मिलिमीटर लांबीरुंदीचा असतो. त्या कणाच्या विसाव्या हिश्श्याएवढी चूक निरोगी माणसाच्या वर्षभराच्या खऱ्या घटीला गिळून टाकते, हे ऐकल्यावर मी या विषयाचा एवढा आग्रह का धरते ते आपल्या लक्षात येईल.

ही चूक शिरते कशी? माणूस दोन वेळा यंत्रात झोपला तर त्याचे डोके दोन्ही वेळा अगदी त्याच जागी, त्याच कोनात राहत नाही. म्हणून तुलना करण्यापूर्वी एक चित्र फिरवून, सरकवून दुसऱ्यावर बसवावे लागते. ते फिरवताना नवे कण जुन्या कणांच्या अधेमध्ये पडतात आणि त्यांची किंमत शेजारच्या कणांवरून काढावी लागते. गणितात याला अंतर्वेशन म्हणतात. शेजाऱ्यांची मिसळ झाली की चित्र किंचित धूसर होते. वर्षानुवर्षांची सवय अशी होती की पहिल्या भेटीचे चित्र मूळ मानायचे, त्याला हात लावायचा नाही, आणि नंतरच्या प्रत्येक भेटीचे चित्र त्याच्यावर आणून बसवायचे. त्यामुळे पहिले चित्र टोकदार राहते आणि पुढची सगळी थोडी धूसर होतात. शेताच्या मूळ नकाशाशी त्याची पातळ कागदावर जाड टाकाने गिरवलेली प्रत ताडून पाहावी आणि बांधाची रेघ जाड झाल्यामुळे शेत गुंठाभर कमी झाले असे म्हणावे, तसा हा प्रकार होतो. चित्रे मोजणाऱ्या कोणत्या संगणक प्रणालीत ही खोटी घट दिसेल आणि कोणत्या प्रणालीत खोटी वाढ, ते तिच्या रचनेवर ठरते. पण ती दिसते एकाच दिशेने.

ती एकाच दिशेने दिसते, यातच खरा धोका आहे. मोजमापातील यादृच्छिक चूक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जाते, आणि माणसांची संख्या वाढवली की ती सरासरीत विरते. अभिनती, म्हणजे एकाच बाजूला कलणारी चूक, हजार माणसे घेतली तरी जशीच्या तशी राहते. उलट संख्या मोठी असल्यामुळे तिच्यावरचा विश्वास वाढतो.

माझ्या स्वतःच्या कामातला प्रसंग सांगते. एका अभ्यासाच्या चित्रांवर मी काम करत होते आणि निरोगी गटातही स्वच्छ, सुबक घट दिसत होती. निकाल इतका नीटस होता की आम्हाला समाधान वाटले. त्या संचात काही व्यक्तींची एकाच दिवशी, एकदा उठवून पुन्हा झोपवून घेतलेली दोन चित्रे होती. केवळ खातरजमा म्हणून मी ती त्याच प्रणालीतून काढली, आणि एका तासात मेंदू आकसलेला दिसला. मग मी क्रम उलटा केला, दुसऱ्या चित्राला पहिले म्हटले आणि पहिल्याला दुसरे. खरा बदल असता तर आता तेवढीच वाढ दिसायला हवी होती. पुन्हा घटच दिसली. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांनी त्या बंद, खडखडणाऱ्या नळीत अर्धा अर्धा तास निश्चल पडून आम्हाला आपला वेळ दिला होता, त्यांच्याविषयी आम्ही काहीतरी असत्य लिहिण्याच्या बेतात होतो.

हा अनुभव केवळ माझा नव्हता. २०१० साली यूश्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅडनीच्याच चित्रांवर दाखवून दिले की दोन चित्रांना असमान वागणूक दिल्यामुळे हिप्पोकॅम्पसच्या घटीचा अंदाज कलतो. पुढच्या वर्षी थॉम्पसन आणि हॉलंड यांनी एक साधी आणि मला अतिशय आवडलेली कसोटी पुढे ठेवली. सहा महिन्यांचा, वर्षाचा आणि दोन वर्षांचा बदल आलेखावर मांडा आणि त्यातून जाणारी रेघ मागे शून्य काळापर्यंत न्या. शून्य दिवसांत बदलही शून्यच असला पाहिजे. रेघ शून्याच्या वर राहत असेल, तर रुग्ण घरी परतण्यापूर्वीच त्याचा मेंदू आकसला असे आपण म्हणत आहोत.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. औषधाच्या चाचणीत ही चूक औषध घेणाऱ्या गटाला आणि न घेणाऱ्या गटाला सारखीच लागते, मग दोघांतील फरक तर बरोबरच राहील. हे वरवर पटते, म्हणून थोडे थांबून पाहू. समजा रुग्णांची खरी घट ४ एकक आहे आणि प्रणाली तिच्यात २ एकके खोटी घट मिळवते, म्हणून ती ६ दिसते. औषधाने घट एक चतुर्थांशाने मंदावेल अशी आशा असेल, तर संशोधक ६ चा चौथा हिस्सा, म्हणजे १.५ एककाचा फरक शोधायला निघतात. औषध मात्र खोटी घट थांबवू शकत नाही. प्रत्यक्षात सापडू शकणारा फरक ४ चा चौथा हिस्सा, म्हणजे १ एकक. चाचणीसाठी किती माणसे लागतील हे या फरकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. दीडचा वर्ग सव्वादोन. म्हणजे जेथे २२५ माणसे हवी होती तेथे १०० पुरतील असा हिशोब मांडला जातो, आणि उपयोगी औषधसुद्धा निरुपयोगी ठरून बाजूला पडण्याची शक्यता वाढते. घरात विस्मृतीचे माणूस असलेल्या कुटुंबांसाठी ही बाब कागदावरची राहत नाही. माझ्या आत्याने अखेरच्या वर्षांत मला नावाने हाक मारली नाही, आणि अशा चाचण्यांकडे मी तेव्हापासून त्या नजरेने पाहते.

उपाय काय, तर पहिल्या चित्राला दिलेला विशेष मान काढून घेणे. मार्टिन रॉयटर आणि ब्रूस फिशल यांनी २०११ साली या असमानतेवर नेमके बोट ठेवले आणि २०१२ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्यावरची संपूर्ण पद्धत मांडली. ‘फ्रीसर्फर’ या मोफत उपलब्ध असलेल्या प्रणालीत ती आहे. तिच्यात त्या व्यक्तीची सर्व भेटींची चित्रे एका मधल्या जागी आणली जातात, जी कोणत्याही एका भेटीची नसते. प्रत्येक चित्र तेथपर्यंत सरकते, म्हणून प्रत्येकाला धूसरपणाचा सारखा वाटा मिळतो. त्या सर्वांच्या मध्यकातून त्या व्यक्तीचा एक साचा तयार होतो, आणि पुढे मेंदूच्या कडा शोधण्याची सुरुवात सर्व भेटींसाठी त्याच साच्यापासून होते. पहिल्या भेटीचे उत्तर पुढच्या भेटीला आरंभ म्हणून दिले, तर दुसरे उत्तर पहिल्याकडे ओढले जाते. साच्यामुळे ते टळते. शिवाय जुळवणी अशी असावी लागते की पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलो आणि उलट परत आलो, तर निघालो त्याच ठिकाणी पोहोचावे.

या पद्धतीतील एक बारकावा आपल्या भागात विशेष लागू पडतो. पहिल्या भेटीनंतर बरेच वृद्ध पुन्हा येत नाहीत. मुलगा पुण्याला घेऊन जातो, प्रकृती ढासळते, पावसाळ्यात कणकुंबीकडच्या गावातून निघणे होत नाही. त्यांचे एकच चित्र असते, म्हणून ते साध्या मार्गाने मोजायचे आणि दोन-तीन चित्रे असलेल्यांना साच्याच्या मार्गाने न्यायचे, असे केले तर शीग आणि सपाट माप पुन्हा एकत्र येतात. एकाच भेटीच्या माणसाचे चित्रही त्याच सर्व पायऱ्यांमधून गेले पाहिजे. त्यांना गाळून टाकणे तर आणखी वाईट, कारण न येणारे बहुधा अधिक आजारी असतात.

साच्याची पद्धतही आंधळेपणाने वापरण्यासारखी नाही. सर्व भेटींमध्ये साम्य असेलच, या गृहीतकावर प्रणाली जास्त भर देऊ लागली, तर खरा बदलही दाबला जातो. म्हणून खोटा बदल दिसत नाही ना, हे जसे तपासावे, तसा खरा बदल दिसतो ना, हेही तपासावे लागते.

चित्रांच्या जुळवणीबाहेरची असमानताही याच जातीची असते. ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तीच चित्रे फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढली, तेव्हा भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. आपण १.४ टक्क्यांच्या शोधात आहोत, हे आठवावे. अभ्यासाच्या मध्यावर आवृत्ती बदलली, तर जुनी सर्व चित्रे नव्या आवृत्तीतून पुन्हा काढण्याशिवाय गत्यंतर नाही. चित्र काढताना डोके हलले तर मेंदूचा करडा भाग, म्हणजे ग्रे मॅटर, कमी भरतो, हे २०१५ साली दाखवले गेले, आणि आजार वाढलेला माणूस पुढच्या भेटीत अधिक हलतो. दिवसाच्या वेळेचाही परिणाम होतो. सकाळच्या तुलनेत संध्याकाळी मेंदूचे आकारमान किंचित कमी भरते. पहिल्या वर्षी पहाटेच्या बसने येऊन सकाळी चित्र काढलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षी संध्याकाळची वेळ देऊ नये. चित्रे हाताने दुरुस्त करणाऱ्याला कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळता कामा नये. आणि चित्रासोबत स्मरणाची चाचणी असेल, तर पहिल्या वर्षी मराठीत आणि दुसऱ्या वर्षी कानडीत प्रश्न विचारून उत्तरांची तुलना करू नये. आपल्याकडे दोन्ही भाषा बोलणारी माणसे घरोघरी आहेत, म्हणून ही चूक फार सहज होते.

एकाच दिवशी काढलेल्या चित्रांच्या त्या जोड्या मी जपून ठेवल्या आहेत. आमच्या कामात प्रणालीची नवी आवृत्ती आली, संगणक बदलला किंवा एखादी पायरी सुधारली, की सर्वांत आधी त्या जोड्या सुलट आणि उलट अशा दोन्ही क्रमांनी तिच्यातून जातात. दोन्ही वेळा उत्तर शून्याच्या आसपास आले, तरच बाकीच्या माणसांची चित्रे उघडली जातात.

नमस्कार.