फोकून पेरलेला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

प्रसारणासाठी इंग्रजीत जो ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द आहे, तो मुळात शेतीतला आहे. मुठीत बी घेऊन ते वावरभर भिरकावत चालायचे, म्हणजे आपण ज्याला बी फोकणे म्हणतो, ती ही क्रिया. कोणता दाणा कुठे पडला याचा हिशेब फोकणाऱ्याजवळ नसतो. टोकणीचे याच्या अगदी उलट असते. तिथे अंतर मोजून एकेक दाणा मातीत दाबायचा असतो आणि कुठल्या जागी काय लावले हे नेमके ठाऊक असते. रेडिओने शंभर वर्षे आवाज फोकला. इंटरनेट तो टोकते आहे. रेडिओ का मागे पडला याची चर्चा सहसा यंत्रांवरून आणि जाहिरातींवरून होते, मला मात्र आज या दोन पेरण्यांविषयीच बोलायचे आहे.

२ नोव्हेंबर १९२० च्या रात्री अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून केडीकेए या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. त्या रात्री निवेदक मधूनमधून एक विनंती करत होता: हे कोणी ऐकत असाल तर कृपया आम्हाला कळवा, आवाज कुठवर पोचतो आहे हे जाणून घ्यायची आम्हाला फार उत्सुकता आहे. बोलणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही, मोजता येत नाही, त्याने पत्र पाठवले तरच त्याचा पत्ता लागतो, हे रेडिओचे मूळ लक्षण त्या पहिल्या काळातच असे उघड झाले होते. पुढे श्रोत्यांची पाहणी करणाऱ्या संस्था आल्या, पण त्यांचे आकडेही नमुन्यावरून बांधलेले अंदाजच होते.

या अज्ञानाची दुसरी बाजू फार मोलाची आहे. प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून एकदा लहर सुटली, की ती दहा जणांनी पकडली काय आणि दहा लाखांनी पकडली काय, केंद्राच्या वीजबिलात एका पैशाचाही फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्यासाठी ध्वनीची स्वतंत्र धार सोडावी लागते. सेकंदाला ६४ किलोबिट एवढ्या माफक दर्जाचा आवाज धरला, तर एका श्रोत्याला तासाभरात सुमारे २९ मेगाबाइट माहिती पुरवावी लागते. एक लाख श्रोते एकाच वेळी जमले तर सेकंदाला साडेसहा गिगाबिटच्या आसपास. श्रोते वाढले की रेडिओ केंद्राला केवळ आनंद होतो. इंटरनेट केंद्राला आनंदाबरोबर बिलही येते. या खर्चावर तंत्रज्ञांनी बऱ्याच युक्त्या काढल्या आहेत, परंतु एका श्रोत्यामागे एक धार हे मूळ गणित त्यांनी बदललेले नाही.

हे सारे मी इंटरनेटवरचा राग म्हणून सांगत नाही. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल इथल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या केंद्राने आपले चालू प्रसारण इंटरनेटवर सोडले, तेव्हा एका विद्यापीठाच्या परिसरातला आवाज प्रथमच मनोऱ्याच्या कक्षेबाहेर मोकळा झाला. त्याच्या आदल्या वर्षीच कार्ल मलामुद या अमेरिकी तंत्रज्ञांनी इंटरनेटवर भाषणे आणि मुलाखती ठेवायला सुरुवात केली होती, पण त्या काळी संपूर्ण फाइल उतरवून घेतल्यावरच ती ऐकता येई. १९९५ मध्ये रिअलऑडिओ हे सॉफ्टवेअर आले आणि उतरवणे चालू असतानाच ऐकण्याची सोय झाली. टेलिफोनच्या तारेवरून येणारा तो आवाज विहिरीच्या तळातून कोणी बोलावे तसा होता, पण ऐकू येत होता खरा.

त्याआधीची कोंडी आठवून पाहा. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढाच असल्याने एका भागात थोडीच केंद्रे शेजारी शेजारी बसू शकतात. म्हणून परवाना आला, परवान्यामागोमाग देणारा आला, आणि कोणाला बोलू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्याच हाती गेला. छोट्या भाषा, देशोदेशी पांगलेले समाज, एखाद्याच वाद्याच्या मागे वेडे झालेले रसिक, यांना त्या पट्ट्यात जागा मिळणे अवघडच होते. इंटरनेटने ही कोंडी फोडली. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये प्रथम छापला गेला आणि लांब, निवांत, विषयाला धरून चाललेल्या बोलण्याला घड्याळाच्या चौकटीबाहेर हक्काची जागा मिळाली. आज जगात जितके ऐकण्याजोगे बोलले जाते आहे तितके याआधी कधीच बोलले गेले नसेल, असे मला वाटते.

तरीही टोकणीत काही गोष्टी निसटतातच, आणि त्यातली पहिली आहे ‘आत्ता’. हा प्रयोग घरी सहज करता येतो. एकाच केंद्राचे प्रसारण टेबलावर ठेवलेल्या एफएम संचावर लावा आणि शेजारी फोनवरही लावा. संचावर वाक्य संपलेले असते आणि फोनवर निवेदकाने त्यासाठी अजून श्वासही घेतलेला नसतो. आवाज डिजिटल रूपात आणायचा, काही सेकंदांचे त्याचे तुकडे पाडायचे, ते वाटेवरच्या सर्व्हरवरून पाठवायचे, आणि मध्येच खंड पडू नये म्हणून फोनने दोनतीन तुकडे हाताशी साठवूनच वाजवायला सुरुवात करायची, असा हा प्रवास असतो. त्यात अर्धे मिनिटही सहज जाते. बीबीसीवर ५ फेब्रुवारी १९२४ पासून तासाला वेळेचे सहा ठोके दिले जातात. मनोऱ्यावरून ते ऐकणाऱ्या पिढ्यांनी त्यावर घड्याळे लावली. फोनवरही तेच ठोके ऐकू येतात, पण तोवर ती वेळ उलटून गेलेली असते. बातमीला किंवा गाण्याला या उशिराने काही बिघडत नाही. सामन्याच्या समालोचनात मात्र शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपला गोल नंतर होतो.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे श्रोत्याचे अनामिकपण. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीत परदेशी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरला आणि युद्धकाळात त्यासाठी कठोर शिक्षा झाल्या. तरीही संचाचा आवाज अगदी बारीक करून, कान त्याला टेकवून लोक ऐकत राहिले. शेजाऱ्याने चुगली केली तर माणूस सापडे. लहर स्वतः कोणाचेही नाव सांगत नसे. इंटरनेटवर ऐकणाऱ्याची मात्र नोंद होते. त्याच्या उपकरणाचा पत्ता, त्याने केव्हा सुरू केले, कितव्या मिनिटाला बंद केले, हे सारे सर्व्हरवर लिहिले जाते, कारण त्याशिवाय त्याच्यापर्यंत धार पोचतच नाही. या नोंदींचा चांगला उपयोग होतो, वाईटही होतो, आणि हिशेबासाठी तर होतोच होतो. २००२ मध्ये अमेरिकेत इंटरनेट केंद्रांवर दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे ०.०७ सेंट असे स्वामित्वशुल्क बसवले गेले. तिथली हवेतली केंद्रे ध्वनिमुद्रणासाठी गायक-वादकांना असे शुल्क देत नव्हती. मोजता येतो म्हणून श्रोत्यावर आकार बसला, आणि हौसेने चालवलेली कित्येक छोटी केंद्रे या चिंतेने हवालदिल झाली.

दरम्यान मनोरे एकामागून एक शांत होत आहेत. जर्मनीच्या डॉइचलांडराडिओ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१४ च्या अखेरीस दीर्घलहरी आणि २०१५ च्या अखेरीस मध्यमलहरी बंद केल्या. नॉर्वेने २०१७ च्या वर्षभरात आपले राष्ट्रीय एफएम जाळे टप्प्याटप्प्याने मिटवले. तिथे त्याची जागा इंटरनेटने घेतलेली नाही, हवेतून होणाऱ्या डिजिटल प्रसारणाने घेतली आहे, म्हणजे पेरणी अजून फोकूनच चालू आहे. बीबीसीची अरबी आकाशवाणी १९३८ मध्ये सुरू झाली होती आणि ती जानेवारी २०२३ मध्ये थांबली. विजेवर चालणाऱ्या काही मोटारगाड्यांमधून मध्यमलहरींचा रेडिओ काढला गेला, कारण मोटारीच्या विद्युत् गोंगाटात तो नीट लागत नाही. फोनमध्ये एफएम होते तेव्हा इअरफोनची तारच एरियलचे काम करत असे. तार गेली आणि तिच्याबरोबर एरियलही गेले.

आता २८ एप्रिल २०२५ ची गोष्ट. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज काही सेकंदांत गेली. मोबाइलचे मनोरे राखीव बॅटरीवर थोडा वेळ तगले आणि मग बऱ्याच ठिकाणी तेही मुके झाले. जगातली हजारो केंद्रे ज्या फोनवर ऐकता येत होती, त्यावर एकही लागेना. लोकांनी सेलवर चालणारे जुने ट्रान्झिस्टर शोधून काढले, दुकानांतून नवे आणले, आणि रस्त्यात एका संचाभोवती दहा-पंधरा अनोळखी माणसे उभी राहून ऐकू लागली. केंद्रांकडे जनित्रे होती, आणि एका मनोऱ्याला बाकी कुणाची मदत लागत नाही. यापूर्वी मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर बीबीसीने त्या भागासाठी लघुलहरींवर रोज चार तास बातम्या द्यायला सुरुवात केली, तीही याच भरवशावर. म्हणून संगीत, नाट्य, गप्पा, मुलाखती इंटरनेटवर गेल्या तर मला हळहळ वाटत नाही. तिथे त्यांची भरभराट होते आहे. पण एका मोठ्या प्रदेशाला एकाच क्षणी, न मोजता, काहीतरी सांगता येईल असा निदान एक मनोरा चालू राहावा आणि त्याचा खर्च श्रोतेसंख्येच्या तक्त्यावर तोलला जाऊ नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

फ्रान्समधल्या आलुई इथल्या दीर्घलहरींच्या प्रक्षेपकावरून फ्रान्स अँतेर हे केंद्र २०१६ च्या अखेरीपर्यंत ऐकू येत असे. त्यानंतर तिथून ना बातमी आली ना गाणे. लहर मात्र चालूच ठेवली आहे. तिच्यात अचूक वेळेचा संकेत गुंफलेला असतो आणि रेल्वेपासून वीजपुरवठ्यापर्यंत अनेक यंत्रणांची घड्याळे त्यावर चालतात. जुन्या संचाचा काटा १६२ किलोहर्ट्झवर नेला, तर केंद्र लागल्याचे कळते, आजूबाजूची खरखर दबते, आणि पुढे कोणीच बोलत नाही.

माझे भाषण संपले की वेळेचे ठोके पडतील. जे फोनवर ऐकत असतील त्यांनी त्यावर घड्याळ लावू नये. नमस्कार.