विमानाच्या नाकात गाडीचं इंजिन

नमस्कार. पुण्यात इंजिनावर बोलायला उभं राहणं म्हणजे धाडसच. समोर निम्मे लोक पिंपरी, भोसरी नाहीतर चाकणचे दिसताहेत, आणि उरलेल्यांचे काका-मामा तिथेच नोकरीला होते. त्यामुळे पिस्टन म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. हडपसरला विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर ओढले जाणारे बिनइंजिनाचे ग्लायडर बघत इथली बरीच मंडळी मोठी झाली असतील. तिथे इंजिन जमिनीवरच राहतं, फार सुखाचा प्रकार आहे तो. आज आपण इंजिन वर न्यायचं म्हणतोय.

माझं म्हणणं असं, की घरी बांधलेल्या विमानाला गाडीचं इंजिन बसवणाऱ्याचा खरा घाम इंजिनाच्या भोवती जे जोडायचं असतं त्यावर गळतो. आणि नेमका तिथेच तो पैसे वाचवायला जातो.

हौसेला कारण पैसाच. रोटॅक्स ९१२ सारखं विमानासाठी बनवलेलं नवं इंजिन आपल्याकडे आणायचं तर दहा लाखांच्या पुढेच जाणार. त्या मानाने भंगारात निघालेल्या मारुती एस्टीमचं किंवा जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन किती स्वस्त! हसू नका. सुझुकीच्या याच जी मालिकेतली इंजिनं अमेरिकेत लोकांनी हलक्या विमानांत बसवून उडवली आहेत.

कल्पना जुनीच आहे. मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटेनपोलने १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या लाकडी ‘एअर कॅम्पर’ला फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावलं. ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती. आजच्या मानाने हास्यास्पद आकडे. पण ही ४० अश्वशक्ती ते फक्त २२०० आरपीएमला देत होतं, म्हणून क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, सरळ लाकडी पंखा (प्रोपेलर) लावला की काम झालं. त्या आराखड्यावरून लोक आजही विमानं बांधतात.

आजचं इंजिन तसं नाही. आपल्या १.२ लिटरच्या हॅचबॅकची ८०-८५ अश्वशक्ती असते खरी, पण ती मिळते ६००० आरपीएमला. आता दीड मीटर व्यासाचा पंखा ५५०० ला सरळ क्रँकवर फिरवा. टोकाचा वेग काढा, पाय (π) गुणिले व्यास गुणिले सेकंदाचे फेरे. येतात साधारण ४३० मीटर प्रति सेकंद. ध्वनीचा वेग आहे ३४० च्या आसपास. म्हणजे टोकं ध्वनीच्या पुढे गेली. आवाज प्रचंड आणि ओढ कमी. लायकॉमिंगसारखी विमानाची इंजिनं २७०० ला पूर्ण ताकद देतात ती याच कारणाने. रोटॅक्स ५८०० ला फिरतं, पण १०० अश्वशक्तीच्या मॉडेलमध्ये २.४३ ला १ असा गिअरबॉक्स कंपनीनेच बसवलेला असतो.

मग आपणही गिअरबॉक्स नाहीतर बेल्ट लावू, त्यात काय? त्यातच सगळं आहे. चार सिलिंडरचं इंजिन फेऱ्याला दोन धक्के देतं. पलीकडे पंखा, जड आणि जडत्वाने हटवादी. मध्ये क्रँकशाफ्ट, शाफ्ट, गिअर. ही सगळी साखळी पिळाची स्प्रिंगच असते. एका ठरावीक आरपीएमला धक्क्यांची वारंवारता या स्प्रिंगच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळली, की पिळाची कंपनं वाढत जातात आणि दात, बेल्ट किंवा शाफ्ट, जे कच्चं असेल ते तुटतं. कानाला फरक कळेलच असं नाही. गाडीत हे क्लच, फ्लायव्हील आणि रबरी कपलिंग मिळून सांभाळतात. आपण ते काढून टाकलेलं असतं. तेव्हा ‘भोसरीत मित्राचं वर्कशॉप आहे, गिअर कापून देतो’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कंपनांचं गणित कोण करणार? गिअर काय, भोसरीत उत्तमच कापतील.

यातून सुटायचं म्हणून अनेकांनी बीटलचं एअर-कूल्ड इंजिन निवडलं. पंखा सरळ क्रँकवर, गिअरबॉक्स नाही, रेडिएटर नाही. शेव्हरोले कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं इंजिनही तसंच. पण गाडीच्या क्रँकने पंख्याची ओढ आणि वळणावर फिरत्या पंख्यामुळे येणारा जायरोस्कोपिक भार कधी सोसलेला नसतो. कॉर्व्हेअरचे काही क्रँक हवेत तुटले, मग लोकांनी पंख्याकडच्या टोकाला जास्तीचं, पाचवं बेअरिंग लावायला सुरुवात केली.

आता भार. एक्सप्रेसवेवर ताशी ८० ने जाताना छोट्या गाडीला जेमतेम पंधरा अश्वशक्ती लागते. फुल थ्रॉटल लागतो तो बोरघाटात, तोही काही मिनिटं. विमान उडाल्यावर पूर्ण ताकदीने चढतं आणि नंतर ७५ टक्क्यांवर तासन्‌तास चालतं. न संपणारा बोरघाटच म्हणा. इंजिनाचे धातू हे बऱ्याचदा सोसतात. कारखान्यात टेस्ट बेडवर, म्हणजे चाचणीच्या चौकटीवर, ते याहून वाईट सोसून आलेलं असतं. पण टेस्ट बेडवर थंड करणारं पाणी कारखान्याचं असतं. विमानात रेडिएटर तुमचा, आणि चढताना ताकद सर्वांत जास्त नि वेग सर्वांत कमी. हवा छोट्या तोंडातून आत घेऊन हळूहळू रुंद होणाऱ्या नळीतून रेडिएटरपर्यंत न्यायची, म्हणजे ती मंदावते आणि दाब वाढतो. नुसता रेडिएटर वाऱ्यात लटकवला तर बरीच हवा बाजूने निघून जाते.

त्यात पुणे. आपण समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहोत. एप्रिलच्या दुपारी ४० अंशाला इथली हवा साधारण १६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची १५ टक्क्यांच्या आसपास ताकद तिथेच जाते. पंखा आणि पंखही कमी काम करतात, ते वेगळंच.

विजेकडे मात्र कोणी बघत नाही. जुन्या विमान-इंजिनांत दोन मॅग्नेटो असतात, बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. गाडीचा इंजेक्शन पंप, इग्निशन, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, सगळं बॅटरीवर. २००७ साली जर्मनीत श्पायरला एका दोन इंजिनांच्या डायमंड विमानाच्या बाबतीत काय झालं? इंजिनं मर्सिडीजच्या गाडीच्या डिझेलवरून बनवलेली आणि रीतसर प्रमाणित. बॅटरी उतरलेली, बाहेरून वीज देऊन ती सुरू केली. उडाल्यावर चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं, ईसीयू रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं थांबली. प्रमाणित विमानाची ही गत, तर तुम्ही दुसरी बॅटरी आणि दुसरा पंप नाही लावणार? शिवाय गाडीचा ईसीयू संशय आला की ताकद कमी करून इंजिन वाचवतो. पन्नास मीटर उंचीवर मला इंजिन वाचायला नकोय, मी वाचायला हवा. तो भाग प्रोग्रॅममधून काढावाच लागतो. चोरी रोखणारा इमोबिलायझर तर घरीच ठेवा.

मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं, पेट्रोल कुठलं घालायचं? पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं आणि काही रबरी नळ्या, फायबरच्या टाक्या खराब करतं. रोटॅक्ससुद्धा १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतं. उलट विमानाच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बाद करतं. एक काहीतरी ठरवा आणि त्याप्रमाणे टाकी, नळ्या, सील निवडा.

परवानगीचं थोडक्यात. आधी डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जा, नंतर अॅल्युमिनियम कापा. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं विमान २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीच्या प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. उडण्याचा परवाना मिळायला २०१९ उजाडलं. अमेरिकेतही प्रमाणित इंजिन-पंख्याच्या जोडीला साधारण २५ तासांची चाचणी पुरते, गाडीचं इंजिन असेल तर ४० तास.

आणि जमिनीवरची चाचणी मे महिन्यातच करा, डिसेंबरात सगळंच छान चालतं. शेपटी जाडजूड खांबाला बांधा, चाकांना ठोकळे लावा, नाक चढताना असतं तेवढं वर करा आणि कार्ब्युरेटरला येणारं पेट्रोल मोजा. टाकी वर असून पेट्रोल आपसूक उतरत असेल तर इंजिनाला फुल थ्रॉटलला लागतं त्याच्या दीडपट आलं पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. मगच इंजिन चालू करा. आणि बघ्यांना पंखा फिरतो त्या रेषेत उभं राहू देऊ नका, मागे उभं करा. पुण्यात बघे जमणारच.