पंधराच्या पाढ्यातली रात्र

(समाजकार्य आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. माझी ओळख करून देताना आत्ता ‘तुरुंगातली डिटेक्टिव्ह’ असा शब्द वापरला गेला. ऐकायला बरं वाटलं, पण नोकरीतली बहुतेक वर्षं मी रजिस्टरं वाचण्यात घालवली आहेत. वरिष्ठ चौकशी अधिकारी म्हणजे नक्की काय, हे घरच्यांनाही मला कधी धड सांगता आलं नाही. पोलिसांचा तपास निकाल लागला की संपतो. आमचं काम तिथून पुढे सुरू होतं. शिक्षा झालेल्या माणसाचं भिंतीच्या आत काय होतं, त्याच्याकडे मोबाइल कुठून आला, त्याला मारलं तर कोणी मारलं, तो कोठडीत मेला तर कसा मेला. पॅरोलवर सोडायचा तर कशाच्या भरवशावर, आणि सुटल्यावर त्यानं अट मोडली असं कोणी लिहिलं तर ती खरंच मोडली का. चौकशी कधी कैद्याची असते, कधी आपल्याच खात्यातल्या माणसाची. ही दुसरी चालू असली की जेवणाच्या वेळी आपल्या टेबलावर कोणी येऊन बसत नाही. सवय होते.

एका रात्रीची गोष्ट सांगते. पहाटे साडेपाचला एक कैदी कोठडीत मृत सापडला. तो विशेष लक्ष ठेवण्याच्या यादीत होता, म्हणजे दर 15 मिनिटांनी कोणीतरी दारापाशी जाऊन, तो हलतोय, श्वास घेतोय हे डोळ्यांनी पाहून नोंद करायची. मी रजिस्टर उघडलं. 11:00 सर्व ठीक. 11:15 सर्व ठीक. 11:30, 11:45, तसंच पुढे 5:15 पर्यंत. एकूण 26 नोंदी, एकाच शाईत, अक्षर एकाच कलाचं, ओळींमधलं अंतरसुद्धा सारखं. शाळेत पंधराचा पाढा घोकताना लिहावा तसा: पंधरा, तीस, पंचेचाळीस, साठ, आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरी गस्त अशी नसते. ती वेंधळी असते. 11:02, 11:19, मग 11:31, मग एक नोंद गाळलेली, कारण मधेच कोणीतरी फाटक उघडायला हाक मारली. अक्षर बिघडतं, पेन बदलतं, एखादी वेळ खोडून वर दुसरी लिहिलेली असते. त्यामुळे खाडाखोडीचं रजिस्टर दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. स्वच्छ रजिस्टर दिसलं की मी खुर्ची ओढून बसते. इथे तर डॉक्टर सांगत होते, साडेपाचला अंग ताठलं होतं, म्हणजे जाऊन काही तास झालेत. सव्वापाचची ओळ सांगत होती, सर्व ठीक.

कॅमेऱ्यात त्या रात्री गस्तीवर असलेला शिपाई त्या दारावरून रात्रभरात तीनदा जाताना दिसला. माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. मी त्याला समोर बसवून विचारलं, “तुम्ही गस्त घातलीच नाही ना?” त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. ही माझी चूक. ज्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, त्यातून आपलंच म्हणणं परत ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी मी एवढंच म्हटलं, “ड्युटीवर आलात तिथपासून चला. मला दाखवत चला.” आणि आम्ही खरोखरच चाललो. दोन विभाग, मधे दोन कुलपं, एक जिना. माझ्या घड्याळात एक फेरी 22 मिनिटांची झाली, तीही कोणी हाक मारली नाही तेव्हा. त्याचा जोडीदार त्या रात्री एका आजारी कैद्याबरोबर दवाखान्यात गेला होता. 22 मिनिटांची फेरी दर 15 मिनिटांनी कशी घालणार?

मी मागची रजिस्टरं मागवली. वेगवेगळे शिपाई, वेगवेगळे महिने, सगळीकडे तोच पाढा. आणि प्रत्येक पानाखाली वरिष्ठांची सही, ‘पाहिले’.

माझ्या पहिल्या मसुद्यात फक्त त्या शिपायाचं नाव होतं. माझ्या वरच्या साहेबांनी तो वाचला, पान उलटलं आणि विचारलं, “खालची सही कोणाची?” शिपाई दोषी होताच, मी ते काढलं नाही. माणूस वाचला असता की नाही ते मला सांगता येत नाही, पण त्याच्याकडे बघायचं काम ज्याचं होतं त्यानं बघितलं नाही, हे खरं. मात्र पाळता येणार नाही असा हुकूम काढणारे आणि तो पाळला जातोय असं रोज सही करून सांगणारेही त्या अहवालात आले. त्यानंतर बराच काळ मी एकटी जेवले.

यावर तुम्ही विचाराल, ज्या खात्याचा पगार घेता त्याचीच चौकशी तुम्ही कशी करणार? बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं डिसेंबर 2015 मध्ये कैद्यांना वागवण्याचे सुधारित किमान नियम मंजूर केले, त्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात. एकूण 122 आहेत. त्यातला 71 वा असा की कोठडीत मृत्यू झाला तर खात्याची अंतर्गत चौकशी चालू असो वा नसो, तुरुंग प्रशासनाबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेला विनाविलंब कळवायचं, आणि ज्यांच्यावर संशय आहे त्यांचा त्या चौकशीत हात नको. 57 वा नियम तक्रार करणाऱ्या कैद्यावर सूड उगवला जाऊ नये यासाठी आहे. या दुसऱ्याची किंमत आत काम केल्याशिवाय कळत नाही. मी जबाब घेऊन संध्याकाळी घरी जाते. ज्यानं जबाब दिला तो त्याच बराकीत, त्याच किल्ल्या सांभाळणाऱ्यांच्या ताब्यात झोपतो. म्हणून एकाच कैद्याला कधी बोलवायचं नाही. दहा जणांना बोलवायचं, सगळ्यांना सारखाच वेळ बसवायचं, त्यातल्या सातांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. कोण बोललं ते बाहेरच्याला कळता कामा नये.

आणि चौकशी झाली म्हणजे काही होतं, असंही समजू नका. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा नावाचं सुधारगृह 1876 साली सुरू झालं. प्रमुख झेबुलॉन ब्रॉकवे. सुधारणेच्या इतिहासात मोठं नाव. कैद्याला ठरीव मुदतीची शिक्षा न देता त्याच्या वागणुकीला गुण द्यायचे, प्रगती झाली की पॅरोलवर सोडायचा, हे त्यांनी तिथे राबवलं. ते बघायला दूरदूरचे पाहुणे यायचे. 1893 साली वर्तमानपत्रानं आतल्या मारहाणीच्या बातम्या छापल्या, राज्याच्या धर्मादाय मंडळानं चौकशी केली, आणि 1894 च्या अहवालात निष्कर्ष आला की मारहाण क्रूर आणि बेसुमार आहे. जागा होती एक आंघोळीची खोली. पाहुण्यांना शाळा आणि कारखाने दाखवले जात. आंघोळीची खोली कोण बघायला मागतं? पुढे गव्हर्नरनी दुसरी चौकशी नेमली, ब्रॉकवे सुटले आणि 1900 पर्यंत त्याच खुर्चीत राहिले. नव्या तुरुंगात गेले की मी अजून पहिल्यांदा पाणी कुठे येतं ते विचारते. लोकांना वाटतं बाईंना तहान लागली.

आता पॅरोलकडे येते. हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ ‘दिलेला शब्द’. युद्धकैद्याला, पुन्हा शस्त्र उचलणार नाही, असा शब्द घेऊन सोडत. आपल्याकडच्या सरकारी मराठीत अभिवचन म्हणतात ते फार नेमकं आहे. 1840 साली अलेक्झांडर मॅकोनॉकी ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर, तिथल्या कैद्यांच्या वसाहतीचे प्रमुख म्हणून गेले आणि त्यांनी शिक्षा वर्षांऐवजी गुणांत मोजायची पद्धत तिथे आणली. ते स्वतः फ्रेंचांच्या कैदेत राहिलेले नौदल अधिकारी होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे आयर्लंडमध्ये 1850 च्या दशकात तिथल्या तुरुंगांचे प्रमुख वॉल्टर क्रॉफ्टन यांनी त्याला सुटकेनंतरची देखरेख जोडली. पण माझा आवडता माणूस या साहेबांच्या खालचा, जेम्स ऑर्गन. डब्लिनमध्ये सुटलेल्या कैद्यांवर लक्ष ठेवणारा निरीक्षक. तो नुसता हजेरी घेत नसे. कामं शोधून देई, मालकांकडे स्वतः जाऊन चौकशी करी, सुटलेल्यांच्या घरी जाई. आमच्या धंद्याचा मूळपुरुष कोणाला म्हणायचं तर मी याला म्हणेन.

कारण घरी जाण्याला पर्याय नाही. एका सुटलेल्या माणसाबद्दल अहवाल आला: ‘रात्री नऊनंतर घरी थांबण्याची अट मोडली, तीनदा भेट दिली, आढळला नाही.’ परत आत पाठवण्याची शिफारस. मी रात्री सव्वानऊला गेले. बेल दाबली, कोणी आलं नाही. दार ठोठावलं, तो बनियनवर बाहेर आला. बेल बंद होती. तीन भेटी, तीनदा बेल, एकदाही दारावर हात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्ये मॉरिसी विरुद्ध ब्रूअर या खटल्यात हेच सांगितलं, की पॅरोल रद्द करण्याआधी माणसाचं ऐकून घ्या, आणि प्राथमिक सुनावणी तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतः घेऊ नये. निकालाची भाषा भारदस्त आहे. माझ्या मनात मात्र तो खटला आणि ती बेल एकत्र बसली आहेत.

शेवटचं प्रकरण जरा सावकाश सांगते. एका कैद्याचा पॅरोल दोनदा नाकारला गेला होता. दुसऱ्या नकारात पॅरोल मंडळानं लिहिलं, ‘तीन वेगवेगळ्या अहवालांत आक्रमकतेचा उल्लेख.’ तीन म्हटल्यावर कोणीही थबकेल. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण आमच्या कामात मूळ न विचारता पुढे गेलं की घात होतो. मी शेवटच्या अहवालापासून उलटी निघाले. मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं होतं ‘आक्रमक प्रवृत्ती’, आधार म्हणून वार्षिक अहवाल. वार्षिक अहवालात होतं ‘आक्रमक वर्तनाची नोंद’, आधार त्याच्या आदल्या वर्षीचा अहवाल. त्या अहवालाचा आधार रात्रपाळीच्या रजिस्टरातली एक ओळ: ‘रात्री 2:40, कोठडीचे दार सतत आपटले, आरडाओरडा केला. समज दिली.’ म्हणजे तिघांनी सांगितलेलं नव्हतंच. एकच ओळ तीन वेळा उतरवली गेली, आणि दर वेळी थोडी फुगली. दार आपटलं, ही घटना. तिचं झालं वर्तन. वर्तनाची झाली प्रवृत्ती. घटना एका रात्रीची असते, प्रवृत्ती जन्माची.

तुरुंगाच्या दवाखान्याचं रजिस्टर दुसऱ्या इमारतीत असतं. ती दोन रजिस्टरं कधी एका टेबलावर आलेलीच नव्हती. मी तारीख लावून पाहिली. त्याच रात्री, 2:55. त्याच कोठडीतला दुसरा कैदी फेफरं आलेल्या अवस्थेत दाखल.

हल्ली हे सगळं गुणतक्त्यात जातं. ती कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी 1928 साली इलिनॉयमधल्या तीन तुरुंगांतून पॅरोलवर सुटलेल्या सुमारे 3000 जणांच्या नोंदींवरून 21 मुद्द्यांचा तक्ता बसवला होता, कोण पुन्हा चुकेल याचा अंदाज बांधायला. मी तक्त्यांच्या विरोधात नाही. माणसाच्या लहरीपेक्षा तक्ता पुष्कळदा बरा. फक्त ‘आक्रमकता: आहे/नाही’ या रकान्यात जी खूण होते, ती दार का आपटलं हे विचारून होत नाही.

मी त्याला भेटले. म्हटलं, “हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत?”

तो म्हणाला, “त्यांनी विचारलं, दार आपटलं का? मी हो म्हटलं.”

फाइलीतली जुनी नोंद खोडता येत नाही. तो नियम चांगलाच आहे, नाहीतर उद्या सगळेच खोडत बसतील. मला फक्त खुलाशाची टीप जोडता आली. ती क्रमानं लागली, पान 87 वर. आक्रमकतेचा शेरा होता पहिल्या पानावर, सारांशात. मी हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “सत्त्याऐंशी पानं कोण उलटणार, मॅडम?” मी पत्र लिहिलं, सारांश बदलावा म्हणून. उत्तर आलं, सारांशाचा नमुना ठरलेला आहे.

तिसऱ्या सुनावणीच्या सकाळी मी फाइल मागवून घेतली. पहिल्या पानावर तो शेरा तसाच होता. शेजारी समासात कोणीतरी, बहुधा कारकुनानं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पा. 87 पहा’. पेन्सिलीनं.