चित्र आदिवासींचं, नाव डेकोरेटरचं

मंडळी, वेळ कमी आहे असं आयोजक आधीच सांगून राहिले. विषय आजचे आदिवासी चित्रकार आणि त्यांची ओळख, त्यावर येतोच, पण आधी थोडा राग काढू द्या.

मागच्या सिझनला वर्धा रोडच्या एका लॉनवर लग्नाला गेलो. एन्ट्रीलाच गेरूच्या रंगाची भलीमोठी भिंत, त्यावर पांढरा तारपा नाच, म्हणजे तारपा वाद्यावरचा वारल्यांचा नाच, समोर सेल्फीवाल्यांची लाईन. डेकोरेटरच्या पोराला विचारलं, बाबू, काढलं कोणी हे? म्हणे, काका, वारली आहे ना, ते कोण्या एकाचं नसते, आदिवासींचं असते! आणि खाली कोपऱ्यात पाहतो तर डेकोरेटरचं नाव, ठळक, मोबाईल नंबरासकट. (हशा) हसता काय, तुमच्या अल्बममध्येही निघंल.

अहो, वारल्यांच्या लग्नात सवासिणी भिंतीवर पालघाट देवीचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, काढतात, तो मान असतो. जिव्या सोमा मशे यांनी ती कला लग्नाबाहेर आणली, रोज काढू लागले, मासे धरायचं जाळं अख्ख्या चित्रभर पसरवलं, २०११ ला पद्मश्री. म्हणजे माणूस आहे, नाव आहे! आणि दुसरं, हे आपलं नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, गोंड चित्रांचा मंडला १९५६ पर्यंत नागपूर राजधानीच्या प्रांतात, आणि भिंतीवर आम्ही आणतो थेट पालघरची वारली. गोंडांचं काहून नाही?

आली चिठ्ठी. पाच मिनिटं म्हणे. बरं.

तर मुद्दा. त्याच मंडल्याकडच्या पाटणगढचे चित्रकार जनगढ सिंह श्याम, परधान, म्हणजे बाना हे तंतुवाद्य वाजवून गोंडांच्या देवांच्या कथा गाणाऱ्यांतले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं आणि गाण्यातले देव ठिपक्याठिपक्यांनी कागदावर उतरले, १९८९ ला पॅरिसच्या प्रदर्शनात चित्रं, २००१ ला जपानमध्येच मरण पावले. त्यांच्यामागे आलेल्या प्रत्येकाची ठिपक्या-रेघांची भरण वेगळी, जाणकार सही न पाहता ओळखतो. पुतण्या भज्जू श्याम, आधी रात्रीचा चौकीदार, लंडनला हॉटेलच्या भिंती रंगवायला गेला आणि बिग बेनचा कोंबडा केला, कारण गावात वेळ कोंबडाच सांगतो. याला म्हणतात ओळख, लंडनच गोंड करून टाकलं!

शेवटचं, उठू नका. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचं आयुष्य चित्रांत मांडलं, ‘भीमायन’, २०११. कॉमिकसारख्या चौकटी नाहीत, पानं विभागायला डिगण्याच्या, म्हणजे गोंडांच्या घरांच्या भिंतीवर काढतात त्या नक्ष्या. टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी, मायेनं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात. दीक्षाभूमीच्या गावात हे पुस्तक किती जणांनी पाहिलं, हात वर करा बरं.

...नाही, भाऊ, पंखा कमी करा म्हणून केलेला हात धरत नाही. घ्या आता प्रश्न.