भाला धरून उभे राहणारे नट : 'टू बी ऑर नॉट टू बी'च्या पडद्यावरची आणि पडद्यामागची माणसे

(दृश्य : वॉर्साचा रस्ता, दुकानांच्या पाट्या, काचेच्या खिडकीसमोर एकटा उभा हिटलर.)

१९३९ सालचा ऑगस्ट महिना आहे, जर्मन फौजा अजून पोलंडमध्ये शिरलेल्या नाहीत, आणि तरीही वॉर्साच्या भर रस्त्यात अॅडॉल्फ हिटलर एकटाच उभा राहून खाद्यपदार्थांच्या एका दुकानात डोकावतो आहे. भोवतीची गर्दी थिजून गेली आहे. थोड्याच वेळात उलगडा होतो की हा हिटलर म्हणजे ब्रॉन्स्की नावाचा एक दुय्यम नट आहे. तालमीत त्याच्या रंगभूषेवर दिग्दर्शक डोबॉशने नापसंती दर्शवली, तेव्हा आपण हुबेहूब हिटलर दिसतो हे सिद्ध करण्यासाठी तो त्याच वेशात नाट्यगृहाबाहेर पडला आहे. गर्दीतून एक लहान मुलगी पुढे येते, त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते आणि त्याची स्वाक्षरी मागते.

'टू बी ऑर नॉट टू बी' हा चित्रपट १९४२ साली प्रदर्शित झाला. वॉर्सातील एक नाटक कंपनी आपल्या वेशभूषा, दाढीमिशा आणि पाठ केलेली वाक्ये एवढ्याच सामग्रीच्या बळावर गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, कशी चकवते, याची ही विनोदी कथा आहे. जाहिरातींमध्ये कॅरोल लोम्बार्ड आणि जॅक बेनी ही दोन नावे ठळक होती आणि ती तशी असणे स्वाभाविकही होते. परंतु या चित्रपटाचा भार ज्यांनी खरोखर पेलला, ते नट आणि तंत्रज्ञ श्रेयनामावलीत बरेच खाली आहेत. हे निवेदन मुख्यत्वे त्यांच्याविषयी आहे.

(दृश्य : एर्न्स्ट लुबिच यांची छायाचित्रे, तोंडात सिगार, हातवारे करून नटांना प्रसंग समजावून देताना.)

दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांचा जन्म १८९२ साली बर्लिनमधील एका ज्यू शिंप्याच्या घरी झाला. दिवसा वडिलांच्या कापडाच्या व्यवसायात हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी रंगभूमीवर उभे राहायचे, अशी त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९११ साली ते माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यसंस्थेत दाखल झाले. त्या काळात युरोपच्या रंगभूमीवर राइनहार्ट यांचा दबदबा एवढा होता की त्यांच्याकडे छोटे काम मिळणे हीसुद्धा प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाई, आणि लुबिच यांच्या वाट्याला तेथे आली ती बहुतेक छोटीच कामे. प्रमुख नट रंगमंचाच्या मध्यभागी प्रकाशात स्वगत म्हणत असताना विंगेत आपल्या एंट्रीची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढे ते चित्रपटांकडे वळले, १९२२ साली अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेला गेले आणि हॉलिवूडमधील अग्रगण्य विनोदी दिग्दर्शक झाले. नाझी सत्तेने १९३५ साली त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले आणि १९४० सालच्या एका ज्यूविरोधी प्रचारपटात त्यांचा चेहरा द्वेषाचा नमुना म्हणून वापरला. त्या अपमानाला या दिग्दर्शकाने दिलेले उत्तर म्हणजे एका नाटक कंपनीची गोष्ट, आणि त्या कंपनीच्या केंद्रस्थानी त्यांनी ज्याला ठेवले तो नायक नव्हे, भालदार आहे.

(दृश्य : 'हॅम्लेट'च्या प्रयोगातील विंग, शिरस्त्राण घातलेले ग्रीनबर्ग आणि ब्रॉन्स्की, हातात भाले.)

या भालदाराचे नाव ग्रीनबर्ग. वर्षानुवर्षे भाला धरून रंगमंचावर जाणे आणि परत येणे एवढेच त्याचे काम आहे, आणि शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील ज्यू सावकार शायलॉक एकदा तरी करायला मिळावा हे त्याचे स्वप्न आहे. ही भूमिका केली फेलिक्स ब्रेसार्ट यांनी. लुबिच यांच्याच वर्षी, १८९२ साली, पूर्व प्रशियात जन्मलेले ब्रेसार्ट जर्मन रंगभूमीवर आणि बोलपटांत लोकप्रिय होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला आणि नव्या देशात, नव्या भाषेत, पुन्हा छोट्या भूमिकांपासून सुरुवात करावी लागली.

चित्रपटात ग्रीनबर्ग शायलॉकचे 'आम्हाला टोचले तर आमचे रक्त वाहत नाही का' हे भाषण तीनदा म्हणतो. पहिल्यांदा तो ते विंगेत ब्रॉन्स्कीला म्हणून दाखवतो. तेथे ते एका हौशी माणसाचे मनोराज्य आहे आणि आपण स्मित करून ऐकतो. दुसऱ्यांदा वॉर्सा उद्ध्वस्त झाले आहे, दोघेही हातात फावडी घेऊन बर्फात उभे आहेत आणि तीच वाक्ये आता त्या शहराचे वर्णन करू लागतात. तिसऱ्यांदा नाट्यगृहाच्या जिन्याजवळ, सशस्त्र जर्मन सैनिकांच्या गराड्यात, हिटलरच्या वेशातील आपल्या मित्रासमोर तो ते म्हणतो, कारण कंपनीच्या सुटकेचा सगळा बेत त्या एका भाषणावर रचलेला आहे. मूळ भाषणातील 'ज्यू' हा शब्द येथे गाळलेला आहे. संपूर्ण चित्रपटातच तो कोठे उच्चारला जात नाही. ब्रेसार्ट तिन्ही वेळा आवाज चढवण्याचा मोह टाळतात. त्यांचा चेहरा पाहावा.

(दृश्य : तिसऱ्या भाषणाचा संपूर्ण तुकडा, मूळ ध्वनीसह.)

मूळ कथा हंगेरियन नाटककार मेल्किओर लेंग्येल यांनी लुबिच यांच्यासह रचली आणि पटकथा अमेरिकन नाटककार एडविन जस्टस मेयर यांनी लिहिली. दोघेही नाटकवाले असल्यामुळे असेल, पण प्रयोगाच्या वेळच्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी अचूक टिपल्या आहेत. 'हॅम्लेट'चा प्रयोग सुरू आहे, कंपनीचा प्रमुख नट योसेफ टुरा पुस्तक हातात घेऊन संथ पावलांनी पुढे येतो, परिणाम साधण्यासाठी दीर्घ विराम घेतो, आणि प्रॉम्प्टरला वाटते की साहेब वाक्य विसरले. तो जगातील सर्वांत प्रसिद्ध स्वगताचे पहिले शब्द, 'टू बी ऑर नॉट टू बी', खालून कुजबुजतो. टुराच्या चेहऱ्यावरचा संताप अजून मावळलेला नसतो, तोच प्रेक्षागृहातून एक तरुण वैमानिक उठतो आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर जातो. त्याला टुराच्या पत्नीने, मारियाने, रंगपटात भेटायला बोलावलेले असते आणि स्वगत सुरू होणे हीच त्यासाठी ठरलेली खूण असते. पुढे वॉर्सावर बॉम्ब पडतात, हेरगिरी होते, खून होतो, तरी आपल्या स्वगताच्या वेळी कोणी उठून का जाते हा प्रश्न टुराच्या मनातून जात नाही. नटाच्या अहंकाराचे इतके प्रेमळ आणि इतके निर्दय चित्रण क्वचितच पाहायला मिळते.

(दृश्य : तोच रस्ता बॉम्बहल्ल्यानंतर, त्याच पाट्या मोडून लोंबत असलेल्या.)

हे वॉर्सा कॅलिफोर्नियात उभारलेले आहे. नेपथ्याची जबाबदारी व्हिन्सेंट कोर्डा यांच्याकडे होती. हंगेरीत जन्मलेले, मूळचे चित्रकार असलेले व्हिन्सेंट हे निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांचे धाकटे बंधू होत. आरंभी ज्या दुकानांच्या पाट्या कॅमेरा एकेक करून वाचत जातो, त्याच पाट्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यात दिसतात. त्यामुळे शहराची हानी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. छायाचित्रणकार रुडॉल्फ माटे यांचा जन्म क्राकूवचा, म्हणजे आजच्या पोलंडमधला. कार्ल ड्रायर यांच्या १९२८ सालच्या जोन ऑफ आर्कवरील मूकपटात मानवी चेहऱ्यांचे जे छायाचित्रण जगभर वाखाणले गेले, ते माटे यांचेच होते. विनोदी चित्रपट म्हटला की सगळीकडे सारखा लख्ख प्रकाश ठेवण्याची पद्धत होती. माटे यांनी मात्र गेस्टापोच्या कचेऱ्या आणि रिकामे नाट्यगृह खऱ्या भयपटासारखे अंधारात ठेवले, आणि म्हणून त्या अंधारातून उठणारा हशा अधिक मोठा वाटतो. संगीतकार वेर्नर हायमन कोनिग्जबर्गचे, नाझींमुळेच देशोधडीला लागलेले; या चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर नामांकन त्यांच्या संगीतासाठी होते. संकलन डोरोथी स्पेन्सर यांचे आहे. विनोदात प्रतिक्रियेचा चेहरा क्षणभर उशिरा आला तरी हशा हातचा जातो, आणि येथे असा एकही हशा हातचा गेलेला नाही, याचे श्रेय स्पेन्सर यांना उघडपणे द्यायला हवे.

(दृश्य : कर्नल एरहार्टची कचेरी, शेजारची खोली, खुर्चीत बसवलेले प्रेत, खोटी दाढी.)

वॉर्सातील गेस्टापोचा अधिकारी कर्नल एरहार्ट याचे काम करणारे सिग रूमन हॅम्बुर्गचे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात राहिलेले रूमन १९२४ साली अमेरिकेत आले आणि मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या चित्रपटांत भडकणाऱ्या, फसणाऱ्या बड्या माणसांच्या भूमिकांनी ओळखले जाऊ लागले. त्यांचा एरहार्ट क्रूर आहे, पण वरिष्ठांच्या भीतीने सदैव घामाघूमही आहे, आणि प्रत्येक चुकीचे खापर हाताखालच्या कॅप्टन शुल्त्झच्या माथी फोडतो. जर्मनांचा खरा हेर प्राध्यापक सिलेट्स्की स्टॅन्ली रिजेस यांनी विनोदाचा लवलेशही न येऊ देता केला, आणि म्हणूनच पुढे त्याच सिलेट्स्कीचे सोंग घेऊन वावरणारा टुरा विनोदी ठरतो. खऱ्या सिलेट्स्कीच्या प्रेतासोबत टुराला एका खोलीत बंद केले जाते, तेव्हा तो प्रेताची दाढी वस्तऱ्याने उतरवतो, खिशातील जादा खोटी दाढी तेथे चिकटवतो आणि एरहार्टला ती ओढून पाहायला भाग पाडतो. एरहार्ट खजील होऊन माफी मागतो. सगळे जमून आले, असे वाटते त्याच क्षणी कंपनीतील नट राविच जर्मन अधिकाऱ्याच्या वेशात सुटकेला येतो आणि भडक अभिनयाच्या भरात टुराची दाढी उपटतो. राविचच्या भूमिकेत भयपटांतून नाव कमावलेले इंग्लिश नट लायनेल अॅटविल आहेत, आणि अतिरेकी अभिनय करणारा नट त्यांनी विलक्षण संयमाने रंगवला आहे.

(दृश्य : जॅक बेनी आणि कॅरोल लोम्बार्ड, सॅटिनचा झगा.)

जॅक बेनी रेडिओवरील विनोदाचे सम्राट होते, चित्रपटात मात्र त्यांना मनासारखे यश मिळाले नव्हते. लुबिच यांनी टुरा लिहिला तोच त्यांना डोळ्यांसमोर ठेवून. बेनी यांचे वडील पोलंडमधून अमेरिकेत आलेले स्थलांतरित होते. मुलाला नाझी गणवेशात पाहून ते चित्रपटगृहातून उठून गेले आणि कथा समजल्यावर परत येऊन त्यांनी हा चित्रपट अनेकदा पाहिला. लोम्बार्ड यांची मारिया नाटकातील छळछावणीच्या प्रसंगात सॅटिनचा झगा घालण्याचा हट्ट धरते, तेव्हा डोबॉश चिडतो, आणि त्यातून हशा निघेल म्हणून तिची बाजू घेतो तो ग्रीनबर्ग. वैमानिक सोबिन्स्की झालेले रॉबर्ट स्टॅक तेव्हा नवखे होते.

चित्रीकरण १९४१ सालच्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये झाले. ते सुरू असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली. १६ जानेवारी १९४२ रोजी युद्धरोख्यांच्या प्रचारावरून परतताना विमान अपघातात लोम्बार्ड यांचा मृत्यू झाला. त्या ३३ वर्षांच्या होत्या. विमानात काय होणार आहे, अशा आशयाचे त्यांचे एक वाक्य प्रदर्शनापूर्वी काढून टाकण्यात आले.

(दृश्य : लोम्बार्ड यांची छायाचित्रे, निवेदन नाही, केवळ संगीत.)

अनेक समीक्षकांना पोलंडच्या दुःखावर हसणे रुचले नाही; टुराने शेक्सपिअरचे जे केले तेच आम्ही पोलंडचे करत आहोत, हे एरहार्टचे वाक्य त्यांना विशेष बोचले. लुबिच यांनी वाक्य काढले नाही आणि वृत्तपत्रांतून जाहीर उत्तर दिले. १९४७ साली लुबिच गेले, १९४९ साली ब्रेसार्ट. माटे पुढे दिग्दर्शक झाले. रूमन १९५३ साली बिली वाइल्डर यांच्या युद्धकैद्यांवरील चित्रपटात पुन्हा जर्मन गणवेशात दिसले, आणि तेथे त्यांच्या पात्राचे नाव होते शुल्झ. १९८३ साली मेल ब्रूक्स आणि अॅन बँक्रॉफ्ट यांना घेऊन याच कथेची नवी आवृत्ती निघाली. १९९६ साली १९४२ चा मूळ चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला.

(दृश्य : श्रेयनामावली, संथ गतीने, ब्रेसार्ट, अॅटविल, रिजेस, रूमन, ड्युगन, हॉल्टन ही नावे वाचता येतील इतका वेळ पडद्यावर ठेवावीत.)

आरंभी रस्त्यात उभा होता तो ब्रॉन्स्की म्हणजे टॉम ड्युगन आणि त्याच्या रंगभूषेवर नाराज झालेला डोबॉश म्हणजे चार्ल्स हॉल्टन.