उत्तर क्षितिजावरचा लाल प्रकाश

[दृश्य: लडाख, हानले. रात्र. वेधशाळेचे घुमट]

11 मे 2024, मध्यरात्र उलटून गेलेली. हानले इथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या ऑल-स्काय कॅमेऱ्यांनी उत्तरेला, क्षितिजालगत, लाल प्रकाश टिपला. हा ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा. सूर्यावरच्या 13664 क्रमांकाच्या डागसमूहातून लागोपाठ निघालेले सीएमई, म्हणजे चुंबकीय प्लाझ्माचे लोट, पृथ्वीवर येऊन आदळले होते.

हानले 33 अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. अमेरिकेत, टेक्सासमधलं डॅलसही तिथेच. पण भूचुंबकीय ध्रुव अमेरिकेच्या बाजूला कललेला, त्यामुळे डॅलसचा चुंबकीय अक्षांश, म्हणजे त्या ध्रुवाच्या हिशेबाने मोजलेला, भरतो 41 अंश आणि हानलेचा जेमतेम 24. टेक्सासात दिसलं म्हणजे लडाखात दिसेलच, असं धरून चालू नका.

आणि लालच का? ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पट्टा साधारण 110 किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे तो 1,200 किलोमीटरपलीकडे क्षितिजाखाली जातो. ऑक्सिजनचा 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्याहून खूप वर. 400 किलोमीटर उंचीवरचा लाल प्रकाश 2,200 किलोमीटरवरूनही दिसू शकतो. आपल्या वाट्याला येतो तो या पडद्याचा फक्त वरचा काठ.

[दृश्य: सौरवाऱ्याचा आलेख]

अंदाज दोन टप्प्यांत बांधायचा. सीएमई निघाला की पोहोचायला साधारण एक ते तीन दिवस. पण त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेचं, हे तेव्हा कळत नाही. ते कळतं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला 15 लाख किलोमीटरवरच्या एल-1 बिंदूपाशी असलेल्या यानांकडून. आपलं आदित्य-एल1 तिथेच आहे. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, सेकंदाला 750 किलोमीटर वेगाचा असेल, तर हातात उरतो जेमतेम अर्धा तास. म्हणून आधीच जागेवर पोहोचलेलं बरं.

पाहायचा आकडा बीझेड, म्हणजे या क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, नॅनोटेस्लात मोजलेला. तो ऋण, म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं, तरच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ पेट घेतं. दहा मिनिटांचा उणे 20 आपल्या उपयोगाचा नाही. दोन-तीन तास टिकला पाहिजे. त्या मे महिन्यात तो उणे 40च्याही खाली गेला होता. नुसत्या केपीवर, म्हणजे चुंबकीय खळबळीच्या श्रेणीवर, विसंबू नका: ती तीन तासांना मिळून एकच आकडा देते, आणि तिची पट्टी 9वर संपते. वादळ किती खोल गेलं हे डीएसटी सांगतो, म्हणजे विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं याचा निर्देशांक, तोही नॅनोटेस्लात. तो उणे 300च्या आसपास उतरू लागला, की कॅमेरा उत्तरेला लावा.

बाकी नशीब घड्याळाचं. ते वादळ आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झालं आणि शिगेला पोहोचलं सकाळी पावणेआठला, लख्ख उन्हात.

[दृश्य: ट्रायपॉड, लेन्सच्या रिंगवर चिकटपट्टी लावणारी बोटं]

उत्तरेला डोंगर नसलेली जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवा. 14 ते 20 मिलिमीटरची लेन्स, एफ 2.8, आयएसओ 3200, 15 सेकंद. ठळक ताऱ्यावर, चित्र मोठं करून, हाताने फोकस करा आणि रिंग चिकटपट्टीने पक्की करा. व्हाइट बॅलन्स 4000 केल्विनवर ठेवा; ऑटोवर असेल तर कॅमेरा नेमका लालसरपणाच धुऊन टाकतो. जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात असू द्या, थंडीत त्या भराभर उतरतात.

डोळ्यांना मात्र हा लाल रंग अंधारात फार क्षीण दिसतो, बऱ्याचदा नुसता राखाडी उजेड. अंधाराला सरावायला अर्धा तास द्या.

फसवणूक होते ती वायुदीप्तीमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरांच्या स्वतःच्या मंद उजेडामुळे. तीही ऑक्सिजनचीच, तीही लाल-हिरवी, पण ती सगळ्या दिशांना पसरते आणि सौरवादळ नसतानाही असते. गावाचा उजेड एका जागी, पिवळट, रात्रभर तसाच. खरा ध्रुवीय प्रकाश उत्तरेला दाटतो आणि वादळाबरोबर कमीजास्त होतो. शंका राहिलीच, तर वादळ शमल्यावर त्याच जागेवरून, त्याच सेटिंगने पुन्हा फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.